काटा लालवर, फॅन गप्प

आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकलची दोन वर्षं करून पोरं गॅरेजला लागतात. मे महिन्यात गरम होणारी पहिली गाडी समोर आली की विचारतात, रेडिएटरचा फॅन फिरत नाही, सुरुवात कुठून करू? मी त्यांना आधी माझी चूक सांगतो.

लातूरच्या एका गॅरेजात लागून मला सहा महिने झाले होते. निलंग्याकडचे एक काका गाडी घेऊन आले. मार्केट यार्डाच्या गर्दीत उभी राहिली की तापमानाचा काटा लालवर, रस्त्याला लागली की खाली. ही खूण लक्षात ठेवा. पळत्या गाडीत वारा आपसूक रेडिएटरवर येतो, फॅनची खरी गरज उभ्या गाडीला. पळतानाही गरम होत असेल तर आधी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी), थर्मोस्टॅट (त्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) आणि रेडिएटर बघा. आमच्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या साली तर मिळेल ते पाणी रेडिएटरात गेलं. आत चुन्यासारखा थर बसला की फॅन कितीही फिरो, उपयोग नाही.

मी एसी लावून फॅनचा कपलर, म्हणजे वायरीचा प्लग, काढला आणि मीटर लावला. १२.४ व्होल्ट. करंट येतोय, फॅन फिरत नाही, म्हणजे मोटर गेली. काकांकडून पैसे घेऊन नवी मोटर आणली, बसवली. तीही फिरली नाही.

उस्तादांनी एकच विचारलं, “मीटरचं काळं टोक कुठं लावलं होतंस?”

“बॅटरीच्या मायनसला.”

“मग अर्ध्याच रस्त्याची चौकशी केलीस. करंट नुसता जाऊन भागत नाही, परत यावा लागतो.”

त्यांनी हेडलाईटचा ५५ वॅटचा जुना बल्ब घेतला, दोन वायरी जोडल्या आणि कपलरच्या दोन्ही पिनांत लावला. बल्ब नुसता लालसर झाला. मग एक वायर प्लसच्या पिनेतच ठेवून दुसरी थेट बॅटरीच्या मायनसला लावली, तर लख्ख पेटला. दोष अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट परत येण्याच्या वाटेत. हेडलाईटच्या मागं बॉडीला आवळलेला अर्थिंगचा बोल्ट गंजला होता, वायरीच्या टोकाचं थिंबल हिरवं पडलं होतं. घासून साफ केलं, आवळलं, काकांची जुनीच मोटर परत बसवली. फिरली. इलेक्ट्रिकल माल दुकानदार परत घेत नाही. नव्या मोटरचे पैसे उस्तादांनी स्वतःच्या खिशातून काकांना दिले. मला रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून कुजलेल्या वायरीतूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. फॅन १०-२० अँपियर ओढतो. जोडात फक्त ०.२ ओहम जादा असले तरी १५ अँपियरला ३ व्होल्ट तिथंच खर्च होतात आणि फॅन रेंगाळत फिरतो. म्हणून मोजायचं ते लोड असताना. फॅन चालू ठेवा, लाल टोक मोटरच्या काळ्या वायरीवर, काळं टोक बॅटरीच्या मायनसवर. ०.२ व्होल्टच्या आसपास आलं तर अर्थिंग ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर जोड उघडा. प्लसच्या बाजूलाही असंच, बॅटरीच्या प्लसपासून मोटरपर्यंत. फ्यूज शाबूत दिसतो, पण त्याच्या बुडाचं टर्मिनल वितळलेलं असतं, ते इथंच सापडतं.

माझा क्रम आता ठरलाय. बहुतेक गाड्यांत एसी लावला की फॅन लागतो, म्हणून आधी एसी. एसीवर फिरला आणि गरम झाल्यावर फिरला नाही, तर मोटर सोडा, कूलंटचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडं जा. थंड इंजिनात त्याचा रेझिस्टन्स साधारण २ ते ३ किलोओहम असतो, तापल्यावर दोन-तीनशे ओहमपर्यंत उतरतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. एसीवरही फिरला नाही तर फ्यूज, मग रिले, म्हणजे थोड्या करंटवर फॅनचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ नंबरच्या पिना फ्यूज असलेल्या वायरीनं जोडा. फॅन जोरात फिरला तर मोटर, जाड वायरी, अर्थिंग सगळं चांगलं. दोष रिलेत किंवा त्याला हुकूम देणाऱ्या ८५-८६ च्या बाजूला. रिलेच्या कॉइलचा रेझिस्टन्स बहुधा ५० ते १२० ओहम भरतो. ८५-८६ पैकी एक वायर ईसीएमकडं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडं जाते. तिथं बल्बची टेस्ट लॅम्प लावू नका, ईसीएमच जळू शकतो. तिथं मीटरच.

फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नका. २० अँपियरच्या पिवळ्या फ्यूजच्या जागी ३० चा हिरवा बसवला की फ्यूजऐवजी वायर जळते. पाती हातानं फिरवून बघा, मोटर जाम आहे का. उंदरानं वायर कुरतडली असेल तर तीही दिसेल.

फॅन डायरेक्ट, म्हणजे नुसत्या बटणावर करून द्यायला गिऱ्हाईक आग्रह करतं. बटणावरून सगळा करंट नेला की बटण वितळतं, आणि बटण चालू राहिलं की रात्रीत बॅटरी उतरते. रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरी पोचवायचं असेल तर रिले आणि फ्यूज घालून करा, दुसऱ्या दिवशी गाडी परत बोलवा.

पात्यांत हात घालण्याआधी बॅटरीची मायनस काढा. चावी बंद असली तरी गरम इंजिनात फॅन अचानक लागू शकतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

आणि काम झालं म्हणून लगेच चावी देऊ नका. एसी बंद ठेवून गाडी उभ्या जागी तापू द्या, काट्यावर लक्ष ठेवा. फॅन दोनदा आपणहून लागून आपणहून थांबला, की मग बोनेट लावा.