जुन्या लाकडी खिडक्या बदलल्या नाहीत, दुरुस्त केल्या

घरातल्या लाकडी खिडक्या अगदी बघवत नव्हत्या, रंगाचे पापुद्रे निघालेले, काचेभोवतीची पुट्टी सुकून गळालेली, आणि जो येईल तो म्हणायचा काढून टाका नि सरळ स्लायडिंग बसवा. मी आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक चौकट टोचून बघितली, खास करून खालची आडवी पट्टी, कारण पाणी तिथंच साचतं आणि लाकूड तिथूनच कुजायला लागतं. बहुतेक ठिकाणी टणक लागलं, मग ठरलंच, चौकटी ठेवायच्या. चांगलं जुनं लाकूड फेकणं मला पटतच नाही, शिवाय दोन पल्ल्यांच्या स्लायडिंगमध्ये एका वेळी निम्मीच खिडकी उघडते, हे कोणी बोलत नाही!

रंग काढताना मात्र प्लीज सांभाळा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका, पाणी मारून ओलं ठेवूनच घासा, चांगला मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा आणि निघालेला चुरा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

कुजलेले तुकडे सुताराने कापून नवं लाकूड जोडलं, मग नवी पुट्टी, बिजागऱ्यांना तेल, फटींना रबराची पट्टी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात. एक महत्त्वाचं, पुट्टीवरचा रंग साधारण २ मिमी काचेवर चढू द्यायचा, त्याने पाणी आत झिरपत नाही. बाथरूमची खिडकी पार भुसभुशीत झालेली, तिथं यूपीव्हीसीचीच, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीची, बसवली.