येळवशीच्या आधी

आमच्या लातूर भागात येळवस म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण. मार्गशीर्ष अमावास्येला गावातली घरं कुलपात आणि सगळी माणसं शेतात. पुण्याला गेलेले, हैदराबादला गेलेले, सगळे त्या दिवशी भज्जी (शेंगा-दाण्यांची, पालेभाज्यांची मिसळ भाजी) आणि ताक-ज्वारीच्या आंबिलासाठी येतात. घरातले फोटो आणि जुने कागद एका वहीत लावायचे, असं आम्ही दोन वर्षं नुसतंच बोलतोय. यंदा मी येळवस हीच मुदत धरली आहे. त्या दिवशी वही भरलेली नको, कोरीच हवी. पण बाकीची तयारी झालेली हवी. फोटोतली माणसं ओळखणारे आता तिघंच उरलेत आणि ते एका जागी वर्षातून तेवढेच एकदा सापडतात.

म्हणून आधी बाजारात जायचं नाही. एखाद्या रविवारी घरातल्या जागा धुंडाळायच्या: ट्रंक, देव्हाऱ्याखालचा कप्पा, पोथीची पानं, आईच्या लोखंडी कपाटातल्या साडीची घडी. नुसते फोटो शोधू नका. मला सगळ्यांत मोलाची सापडली ती मोठ्या काकांच्या लग्नातली आहेराची वही. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, शाई चहाच्या रंगाची झालेली. ‘मामा, मुरूड, रु. ५’, ‘खण १’, ‘पितळी तांब्या १’, आणि मधेच एका ओळीत ‘शेजारची बाई, वाटी १’. लिहिणाऱ्याला त्या बाईचं नाव माहीत नव्हतं की घाई होती, कुणास ठाऊक. ही वाटी कोणाची, हे मला येळवशीला विचारायचंय. लग्नातल्या दहा फोटोंत सगळे ताठ उभे आहेत. माणसांची ऐपत आणि माया कळते ती ह्या वहीतून. तशीच आडतीवर तूर विकल्याची पट्टी म्हणजे पावती, दुधाचे खाडे लिहिलेलं कॅलेंडरचं पान, लग्नपत्रिका. पत्रिकेच्या कोपऱ्याला लागलेली हळद पुसू नका.

काही कागद मात्र वहीत लावायचेच नाहीत. आमच्याकडे पणजोबांच्या वेळचा जमिनीचा एक उर्दू कागद आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो आणि दप्तर उर्दूत चालायचं, त्यामुळे असे कागद मराठवाड्यात अनेक घरांत निघतील. घरात वाचता कुणालाच येत नाही म्हणून तो ‘शोभेचा’ ठरत नाही. जमिनीचे कागद, शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्ड यांची झेरॉक्स वहीत आणि मूळ कागद फाइलीत. झेरॉक्सची काळी पूड सहसा फिकी पडत नाही. घरच्या शाईच्या प्रिंटरवर काढलेली प्रत पाण्याच्या एका थेंबाने पसरते. एसटीची मशिनवरची तिकिटं असतील तर त्यांची झेरॉक्स आजच काढा. तो उष्णतेवर छपाई होणारा कागद आहे, दोन उन्हाळ्यांत कोरा होतो. कंडक्टर पेटीतून काढून पंच करायचा ती जुनी तिकिटं अजून वाचता येतात. वर्तमानपत्राचं कात्रण स्वतः पिवळं पडतं आणि शेजारच्या फोटोलाही डाग देतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्या दिवसांतली दोन कात्रणं आईने जपली आहेत. त्यांचीही झेरॉक्सच लागणार.

दुसरं काम नातेवाइकांना फोन करायचं, आणि ते टाळू नये. काकूंचं माहेर किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ची, भूकंपाची पहाट, आदल्या दिवशी गणपती बुडवून गाव झोपलेलं. दगड-मातीच्या माळवदाखाली माणसं गेली तिथे फोटोंचं कोण विचारतो. काकू वर्षानुवर्षं म्हणायच्या, ‘आमच्या बापाचं तोंड आता कुठं बघावं.’ गेल्या वर्षी उदगीरच्या आत्याकडे एका लग्नाचा ग्रुप फोटो निघाला आणि त्यात मागच्या रांगेत, पटका बांधलेले, काकूंचे वडील. लग्नाच्या फोटोंच्या प्रती सोयऱ्यांत वाटल्या जायच्या, त्यामुळे एका घरातून गेलेला माणूस दुसऱ्या घराच्या ट्रंकेत असू शकतो. तेव्हा व्याह्यांना, विहिणींना, आत्याच्या जावांना सगळ्यांना फोन करून सांगायचं, की फोटो देऊ नका, फक्त मोबाइलवर काढून पाठवा. द्या म्हटलं की माणसं बिचकतात. फोटो कसा काढायचा तेही सांगायचं: खिडकीजवळ सावलीत, फ्लॅश बंद, मोबाइल फोटोच्या बरोबर वर आडवा धरून. जुना फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढायचा नाही. वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट, जरा तिरक्या उजेडात फोटो घ्यायचा.

आता खर्च. माझा सगळा मिळून चारशेच्या आत बसला, आणि त्यातला मोठा वाटा कागदाचा. इथे कंजुषी नको, कारण फोटोला आयुष्यभर तोच टेकणार आहे. चित्रकलेची जाड पांढरी कार्ट्रिज पेपरची वही घ्यावी. काळी कार्डशीट छान दिसते, पण स्वस्तातली ओल लागली की रंग सोडते. पारदर्शक कागद उचलून खाली फोटो दाबायचा, ते चिकट पानांचे अल्बम अजिबात नकोत. आमच्या ताईच्या लग्नाचा अल्बम तसाच होता. पत्र्याच्या खोलीत चार मे महिने काढल्यावर गोंद पिवळा झाला आणि फोटो पानाला जखडले. शिवणाचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू फिरवून सोडवले तरी दोन गेलेच. लॅमिनेशन तर त्याहून वाईट. आजोबांचा एकुलता एक फोटो मी हौसेने एका दुकानात देऊन लॅमिनेट करून आणला. कपाळावर बुडबुडा आला, आणि ते प्लास्टिक आता कधीच निघणार नाही.

वहीत एक गोष्ट आधीच करून ठेवायची. फोटो लावले की वही पोटुशी होते आणि शिवण तुटते. म्हणून दर तिसरं पान शिवणीपासून बोटभर सोडून कापून टाकायचं. उरलेल्या पट्ट्या पानांमधे जागा धरतात. कापलेली पानं वाया जात नाहीत, त्यांचेच कोपरे करायचे. चार सेंटिमीटर लांब, दोन रुंद पट्टी घ्यायची, लांब कडेच्या मध्यापासून दोन्ही बाजू खाली दुमडायच्या, की त्रिकोणी खिसा होतो. तो फोटोच्या कोपऱ्यावर चढवायचा आणि खिशाच्या पाठीलाच मैद्याची खळ लावायची. फोटोला काही लागत नाही आणि उद्या काढावासा वाटला तर निघतो. संध्याकाळी मालिका बघता बघता शंभर कोपरे सहज होतात. मुलांना कामाला लावा, त्यांना हे आवडतं.

चिकटवायला पांढरा गोंद घरात असतोच, पण तो थेट फोटोच्या पाठीला लावला की कागद सुरकुततो आणि पुन्हा सुटत नाही. कोपऱ्यांना मैद्याची पातळ खळ पुरे. एक चमचा मैदा, वाटीभर पाणी, मंद आचेवर काचेसारखं दिसेपर्यंत ढवळायचं. बाइंडर लोक कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तो विषारी असतो, घरच्या भांड्यात त्याच्या वाटेला जाऊ नये. खळ थोडी करायची, त्याच दिवशी संपवायची आणि पान पूर्ण वाळल्याशिवाय वही मिटायची नाही.

सजावटीला बाजारातली स्टिकरं मला नको आहेत. आजीच्या फाटक्या इरकली लुगड्याचे काठ आईने वाकळीसाठी ठेवले होते, त्यातला हातभर मागून घेतलाय. तो पुठ्ठ्याला जाईल. जुन्या पत्रिकांच्या जाड कागदाचे खिसे होतील, पण आहेराच्या वहीसारख्या वस्तूंसाठी. रंगीत, सोनेरी कागद फोटोला टेकू द्यायचा नाही.

मोबाइलमधल्या फोटोंचं काय, हे राहिलंच. तिथे पाच हजार आहेत आणि एकही हातात नाही. दहा निवडायचे, प्रिंट काढायचे, बाकीच्यांचा विचार सोडायचा. निवडताना हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा मागे काय दिसतंय ते मी बघते: पाडण्याआधीचं घर, विकलेली बैलजोडी, दारापुढे ओळीने लावलेल्या रंगीत घागरी.

आणि पेन्सिल. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहिलं की पुढे चेहऱ्यावर वळ उमटतात. मऊ पेन्सिल, हलका हात, कडेला नाव-गाव-साल. साल आठवत नसेल तर ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी’, ‘भूकंपानंतर’ असं लिहिलेलं चालतं. आपल्याकडे माणसं काळ तसाच मोजतात.

शेतात जाताना मूळ फोटो न्यायचे नाहीत. कडब्याची कोप, पांडव म्हणून मांडलेल्या दगडांपुढचं हळदीकुंकू, आंबिलाने ओले हात, पोरांची पळापळ. प्रत्येक फोटोची झेरॉक्स, जमलं तर मोठी करून, कारण आत्याला मोतीबिंदू आहे. प्रत्येक माणसाच्या डोक्यावर आकडा टाकायचा आणि वेगळ्या कागदावर त्या आकड्यांपुढे जागा सोडायची. ‘हे कोण?’ असं विचारलं की दोन शब्दांत उत्तर येतं. ‘ह्या दिवशी स्वैपाक कोणी केला होता?’ असं विचारलं की भांडणं, रुसवे, हुंडा, सगळं बाहेर पडतं. मोबाइल चार्ज करून, आवाज टिपायचं बटण आधीच दाबून मांडीखाली ठेवायचा. समोर धरला की आत्या पदर सावरून पुस्तकी बोलायला लागते.

पिशवी लगेच काढायची नाही. पूजा होऊ द्यायची, पंगती उठू द्यायच्या. आत्या दुसरा पेला आंबील पिऊन तुरीच्या सावलीला टेकली, की मग पहिला कागद तो, पटकेवाल्या माणसाचा, काकूंना तिच्या शेजारी बसवून.