लेकराला गणित खेळवत कसं शिकवायचं

लेकरू गणिताचं पुस्तक बघूनच तोंड फिरवायलंय का, मग पुस्तक ठेवा बाजूला अन् मूठभर चिंचोके घ्या, आपल्याकडं त्याला काय तोटा. 12 चिंचोके द्या, म्हणा सारख्या ओळी लाव. 2, 3, 4, 6 च्या लागतात, 5 च्या लावल्या की दोन उरतात. भागाकार, बाकी सगळं आलं यात, फक्त नावं लगेच सांगू नका. मग 13 द्या. काहीही केलं तरी एकच लांब रांग, चिडू द्या थोडं, मूळ संख्या अशीच कळती.

आठवडी बाजारात सोबत न्या. 30 रुपये किलोचे टमाटे अडीच किलो, किती झाले? पैसे त्यालाच मोजू द्या.

जरा मोठं असलं, वजाबाकी येत असली, तर कापरेकरांचा खेळ. हे देवळालीला शाळेत मास्तर होते. चार आकडी संख्या घ्यायची, सगळे आकडे सारखे नकोत, त्याच आकड्यांच्या सगळ्यात मोठ्या मांडणीतून सगळ्यात लहान मांडणी वजा करायची, उत्तराचंबी तसंच करत राहायचं. 3524 घ्या: 5432 – 2345 = 3087, मग 8730 – 0378 = 8352, मग 8532 – 2358 = 6174. कुठूनबी निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 च येतं! लेकरं खोटं पाडायला बघतात अन् तेवढ्यात पानभर वजाबाक्या होऊन जातात.

झोपताना एखादं कोडं सोडून द्या, उत्तर मागू नका. रामानुजन म्हणायचे नामगिरी देवी स्वप्नात सूत्रं दाखवती. आपल्या लेकराच्या स्वप्नात बहुतेक क्रिकेटच येईल, मग सकाळी रनरेट काढायला लावा.