स्पेनमधल्या इंग्रजी शिबिरात स्वयंसेवक म्हणून जाताय? या चुका टाळा

माद्रिदहून बस निघते, डोंगरातल्या एखाद्या हॉटेलात आणून सोडते आणि पुढचा आठवडाभर आपलं काम एकच: इंग्रजी शिकायला आलेल्या स्पॅनिश लोकांशी बोलत राहायचं. त्यांनी पैसे मोजलेले असतात. आपल्याला पगार नाही, पण खोली आणि जेवण फुकट. माद्रिदपर्यंतचा खर्च आपला. मी चारदा जाऊन आले. 'फुकट' ऐकून आलेली नवी मंडळी दरवेळी त्याच खड्ड्यात पडतात, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बोलत सुटणं. हे मी स्वतः केलंय. सालामांका प्रांतात ला अल्बेर्का नावाचं दगड-लाकडाच्या घरांचं गाव आहे. तिथल्या पहिल्याच सत्रात माझ्यासमोर एक हिशेबनीस गृहस्थ बसले होते. मी त्यांना गणेशोत्सव सांगायला घेतला. मूर्ती, आरती, ढोल, विसर्जन, काही म्हणून सोडलं नाही. ते मान हलवत होते, त्यामुळे मला चेव आला. चाळीस मिनिटांनी विचारलं, 'एनी क्वेश्चन्स?' ते ओशाळून म्हणाले, 'सॉरी. ओन्ली एलिफंट.'

दुसऱ्या दिवशी मी शहाणी झाले. गावात एक डुक्कर मोकळं फिरत होतं, ते कुणाचं, एवढंच विचारलं आणि गप्प बसले. ते सान अंतोनचं, म्हणजे त्या नावाच्या संताचं, डुक्कर. १३ जूनला आशीर्वाद देऊन त्याला गावात सोडतात, सगळं गाव त्याला खाऊ घालतं आणि १७ जानेवारीला सोडत काढून ते कुणालातरी देतात. हे सगळं त्या गृहस्थांनी वीस मिनिटं घाम पुसत पुसत, पण स्वतःच्या इंग्रजीत सांगितलं. तेव्हापासून प्रश्न विचारला की मी मनात दहापर्यंत आकडे मोजते. समोरचा शब्द शोधत असेल तर शोधू दे. आपण वाक्य पुरं करून दिलं की त्याच्या पैशांवर आपलाच सराव होतो.

दुसरी चूक खास आपली. आपल्या इंग्रजीतले निम्मे वाक्प्रचार भारताबाहेर चालत नाहीत, हे आपल्या गावीही नसतं. शिबिरात फोनवरचं सत्र असतं. चेहरा दिसत नाही, त्यामुळे बिचारे आधीच घाबरलेले असतात. मी सहज बोलून गेले, 'आय पास्ड आउट इन नाइंटी एट.' पलीकडे शांतता. मग काळजीचा आवाज: 'अँड नाऊ... यू आर ओके?' त्यांच्या पुस्तकात 'पास आउट' म्हणजे बेशुद्ध पडणं! 'प्रीपोन', 'आउट ऑफ स्टेशन', 'गुड नेम', 'डू वन थिंग' यांची यादी मी आता वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवते आणि सत्राआधी नजर टाकते. उच्चारांची मात्र लाज नको. उसना अमेरिकन हेल तर मुळीच काढू नका, तिसऱ्या वाक्याला उघडा पडतो.

त्यांच्या चुकांवर हसू नका. एखादा 'आय ॲम कॉन्स्टिपेटेड' म्हणाला तर त्याला बहुधा सर्दी झालेली असते. स्पॅनिशमध्ये 'कोन्स्तिपादो' म्हणजे सर्दी झालेला.

'त्यांच्याकडून जरा स्पॅनिश शिकून घेऊ' हा हावरटपणा करू नका. तिथे स्पॅनिशला बंदी असते. ती आधी किंवा नंतर शिका.

दुपारचं जेवण दोनला, रात्रीचं नऊला, आणि जेवतानाही बोलणं हे कामच. आठ वाजता वरणभात लागणाऱ्यांनी बॅगेत चिवडा ठेवावा.

बसच्या दिवशीच माद्रिदला उतरणारे धाडसी लोक मला कळत नाहीत. आदल्या दिवशी पोचा.

व्हिसाबाबत 'पर्यटक म्हणून ठोकून दे' असा सल्ला देणारा मित्र प्रत्येकाला असतो. पगार नसला तरी मी तिकिटाआधी वकिलातीला लेखी विचारते आणि अर्जात खरं कारण लिहिते. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या व्हिसासाठी, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, तो स्वस्तात उरकू नका.

शाकाहाऱ्यांनी नुसतं 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, म्हणून भागत नाही. हामोन म्हणजे खारवून सुकवलेली डुकराची मांडी. ती पुष्कळांच्या लेखी 'मांस' या सदरात येतच नाही, आणि ला अल्बेर्का तर हामोनसाठी नावाजलेल्या गिहुएलोच्या प्रांतातलं. 'सिन कार्ने' सांगून मागवलेल्या मसुराच्या आमटीत मला चोरिसोची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, लालभडक चकती सापडली होती. आता मी कागदावर स्पॅनिशमध्ये लिहून नेते: मांस नको, हामोन नको, चोरिसो नको, मासे नकोत, अंडं चालेल. पहिल्याच दिवशी तो स्वयंपाकघरात देते. मग आठवडाभर तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, खायची तयारी ठेवते.