सीएसएमटीखालची जमीन मूळ कोणाची? शोध असा घ्या

मुंबईच्या बेटांवर कोळी, भंडारी, आगरी आधीपासून होते, हे सगळेच मान्य करतात. पण एखाद्या प्रसिद्ध इमारतीसमोर उभं राहून 'नेमक्या इथे कोण होतं?' असं विचारलं की उत्तर ढिलं पडतं. ते पक्कं कसं करायचं, हे इथे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या जागेवरून दाखवलं आहे. कोकणातल्या कुठल्याही बंदरगावी हीच रीत चालते.

आधी बघा, तिथे जमीन होती की पाणी. टर्मिनसचं काम १८७८ मध्ये सुरू झालं. त्याआधी तिथे बोरी बंदर स्टेशन होतं आणि १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याची पहिली गाडी तिथूनच सुटली. बंदर म्हणजे पाणी जवळच. पूर्वेकडचा, आजच्या पी. डि'मेलो रस्त्याकडचा पट्टा भरावाचा आहे. भरावाखाली घरं शोधू नका. तिथे शोधायचे ते होड्या ओढायचे उतार, जाळी सुकवायच्या जागा आणि डोल जाळी बांधायचे खुंट. कोळ्यांचा हक्क जितका जमिनीवर, तितकाच या किनाऱ्यावर होता, आणि तोच कागदावर सगळ्यांत कमी उतरला.

मग इंग्रजी अमलातल्या जमीनमोजणीचे नकाशे. डिकिन्सनची मोजणी (१८१२ ते १८१६) आणि लॉटनची (१८६५ ते १८७२), दोन्ही मिळवा. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना निदान सहा खुणा घ्या आणि त्या चारी बाजूंना पसरलेल्या असू द्या. सेंट थॉमस कॅथेड्रल (१७१८) ही भरवशाची खूण. सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या मागे फोर्ट जॉर्जचे अवशेष आहेत, ते तर टर्मिनसच्या शेजारीच. टाउन हॉल मात्र १८३३ चा, त्यामुळे तो डिकिन्सनच्या नकाशाला उपयोगाचा नाही. किनाऱ्याची रेघ खूण म्हणून कधीच घेऊ नका. ती भरावाने सरकली आहे. ती धरली की सगळा नकाशा ताणला जातो आणि जमिनीवरचं मंदिर नकाशात पाण्यात पडतं.

मुंबई शहरात सातबारा नाही. इथे मालमत्ता पत्रक आणि सी. एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) नंबर. जुन्या दस्तांत लॉटन सर्व्हे नंबर आणि कलेक्टरचे जुने-नवे नंबर येतात. या नंबरांची सांगड आधी एका कागदावर उभी मांडून घ्या. आकडा सारखा दिसला म्हणून प्लॉट तोच समजणं, ही इथली नेहमीची चूक. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जाण्याआधी ही यादी तयार हवी, नाहीतर दिवस फाइली मागवण्यातच जातो.

कागद वाचताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: कागदावरचा पहिला मालक हा जागेवरचा पहिला माणूस नसतो. मुंबईचा इंग्रज गव्हर्नर ऑंजिएर याने १६७२ मध्ये वर्षाला २०,००० झेराफिन (पोर्तुगीज नाणी) ठरवून तडजोड केली ती जमीनधारकांशी, आणि त्यांच्या जमिनींचे हक्क पोर्तुगीज अमलातले. कोळी सापडतात ते वसुलीच्या नोंदींत, मासेमारीवरच्या करांत आणि देवस्थानांच्या उल्लेखांत. नुसतं 'कोळी' लिहिलेलं दिसलं तर संदर्भ तपासा. किनाऱ्यावरचे सोनकोळी आणि सह्याद्रीतले महादेव कोळी हे वेगळे समाज आहेत.

टर्मिनसच्या बाबतीत सर्वांत बळकट धागा देवस्थानाचाच. कोळ्यांची मुंबादेवी पूर्वी फाशी तलावाजवळ, म्हणजे बोरी बंदराच्या परिसरात होती आणि इंग्रजांच्या कोटाच्या कामात अठराव्या शतकात ती तिथून हलली. आजचं मंदिर भुलेश्वरला आहे. हलवल्याचं साल ग्रंथागणिक बदलतं. म्हणून फलकावर एकच साल कोरू नका, 'अठरावं शतक' लिहा. 'टर्मिनसच्या बरोबर खाली' असंही लिहू नका, 'याच परिसरात' लिहा. शहराला नाव देणारी देवी इथून उठवली गेली, एवढं सत्य पुरेसं जड आहे. त्याला फुगवण्याची गरज नाही.

कोळीवाड्यात जाल तेव्हा 'जमीन कोणाची होती?' असा प्रश्न टाकू नका. कोर्टकचेरीची आठवण होऊन माणसं गप्प होतात. विचारा: खुंट कुठे मारायचे? देवीचा मान कोणत्या वाड्याचा? नारळी पुनवेला होड्या कुठून सुटायच्या? सोयरीक कुठल्या वाड्यांशी? एकाच प्रश्नाचं उत्तर दोन वेगळ्या वाड्यांतून, एकमेकांच्या माघारी घ्या. म्हाताऱ्या आयांना जरूर विचारा. बाजार त्यांच्या हातात होता, त्यामुळे बंदराच्या वाटा आणि टोपल्या उतरवायच्या जागा त्यांनाच नीट ठाऊक असतात. रेकॉर्डिंगआधी परवानगी घ्या, आणि नाव छापायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

लिहिताना प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक खूण करा: नकाशात दिसतं, कागदात आहे, वाड्यात सांगतात. तिन्ही एकत्र मिसळले की पहिल्याच आक्षेपाला सगळं कोसळतं. मसुदा छापण्याआधी वाड्यात मोठ्याने वाचून दाखवा, दुरुस्त्या तारखेसह नोंदवा आणि नकाशाची एक प्रत वाड्याच्या जमातीकडे ठेवायला द्या.