‘मुद्दाम करतात’ असं म्हणण्याआधी: स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरी सांभाळताना या चुका टाळा

घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असला की दिवसातून दोन-चारदा तरी कुणीतरी वैतागून म्हणतं, “हे मुद्दाम करतात.” आंघोळीला नाही म्हणतात, गोळी थुंकतात, तोच प्रश्न दहाव्यांदा विचारतात, सुनेवर चोरीचा आळ घेतात. यातलं जवळजवळ काहीच मुद्दाम नसतं, पण प्रत्येकामागे कारण असतं आणि बरेचदा ते सापडतं. शोधायचा क्रम ठरवून घ्या: आधी शरीर, मग आजूबाजूची जागा, मग आपलं बोलणं आणि सगळ्यात शेवटी गोळी. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा चालतो.

अचानक बिघडलं तरी ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात नेहमीचा प्रकार) महिन्यांच्या आणि वर्षांच्या हिशेबाने पुढे सरकतो. परवापर्यंत हाताने जेवणारी आई दोन दिवसांत बरळायला लागली, रात्रभर जागी राहिली किंवा उलट नुसती सुस्त पडून राहिली, तर तो मूळ आजार नव्हे. त्याला डेलिरियम म्हणतात आणि त्यामागे नवीन शारीरिक बिघाड असतो. सुस्त पडून राहणारा प्रकार जास्त फसवा, कारण त्रास देत नाहीत म्हणून घरच्यांना बरंच वाटतं.

नेहमीची कारणं म्हणजे लघवीचा किंवा छातीचा संसर्ग (म्हातारपणी ताप नसतानाही असू शकतो), चार दिवस शौचाला न होणं, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम उतरणं, साखर खाली किंवा वर जाणं, नवीन सुरू झालेलं औषध. आठवड्या-दोन आठवड्यांपूर्वी डोक्यावर पडले असतील तर मेंदूवर हळूहळू रक्त साकळत असण्याची शक्यता असते, तेव्हा ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि वर जुलाब झाले असतील, तर सोडियमची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.

डॉक्टरांना फोन करण्याआधी पाच मिनिटांत एवढं बघा: ताप, नाडी, रक्तदाब, ग्लुकोमीटरवर साखर, शेवटचं शौच कधी झालं, लघवी किती आणि कोणत्या रंगाची झाली, गेल्या पंधरा दिवसांत कोणती गोळी वाढली किंवा बदलली. साखर ७० च्या खाली असेल, माणूस जागा असेल आणि नीट गिळत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. ‘लघवीचंच असणार’ म्हणून केमिस्टकडून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका. मग लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत आणि डॉक्टरांनाही अंदाज बांधत बसावं लागतं.

दुखणं सांगता येत नाही हेही लक्षात ठेवा. घास तोंडात घेऊन थांबणं, एका बाजूने कूस बदलू न देणं, हात लावला की ओरडणं ही दुखण्याची भाषा असते. कवळी सैल झाली आहे का, दाढ किडली आहे का, कानात मळ साठला आहे का, हे घरच्या घरी बघता येतं. कानातल्या मळामुळे ‘आता काही समजतच नाही’ असा शिक्का बसलेली माणसं कमी नाहीत.

औषधांतली गडबड

स्मृतिभ्रंशासाठी नेहमी दिलं जाणारं डोनेपेझिल मेंदूतलं ॲसिटिलकोलिन (आठवणीला लागणारं रसायन) टिकवून ठेवायचा प्रयत्न करतं. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, खोकल्याच्या काही औषधांतलं डायफेनहायड्रामिन, लघवी आवरण्यासाठी दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी किंवा हातापायांना येणाऱ्या मुंग्यांसाठी दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन ही सगळी औषधं त्याच ॲसिटिलकोलिनचं काम अडवतात. म्हणजे एका गोळीने बांधायचं आणि दुसरीने पाडायचं. हाडांचे, लघवीचे, मेंदूचे डॉक्टर वेगवेगळे असतात आणि चिठ्ठ्याही वेगवेगळ्या, त्यामुळे हे कुणाच्या नजरेला पडत नाही. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांसमोर ठेवा. आयुर्वेदिक काढे आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या पुड्याही त्याच पिशवीत टाका.

डोनेपेझिलने पहिल्या काही आठवड्यांत मळमळ, जुलाब किंवा भूक कमी होणं दिसू शकतं. भयानक स्वप्नं पडत असतील तर रात्रीची गोळी सकाळी देता येईल का, हे विचारा. नाडी मंद झाली किंवा घेरी आली तर थांबू नका, लगेच कळवा. ‘फरकच दिसत नाही’ म्हणून आपणच बंद करणं हीही चूक आहे, कारण बंद केल्यावर घसरण दिसू शकते. बंद करायचंच असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावं.

भास आणि आक्रमकपणा आवरण्यासाठीची रिस्पेरिडोन, क्वेटियापिनसारखी औषधं कधीकधी लागतात, नाही असं नाही. पण स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत त्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून सुरू करतानाच ‘पुन्हा कधी बघायचं आणि कमी कधी करायचं’ हे विचारून लिहून घ्या. समोर नसलेली माणसं किंवा प्राणी दिसणं, अंग ताठर होणं, एका दिवशी लख्ख आणि दुसऱ्या दिवशी धूसर असं चित्र असेल तर ते तपशिलाने सांगा. ही स्मृतिभ्रंशाच्या लुई बॉडी प्रकाराची लक्षणं असू शकतात आणि त्यात याच गटातलं हॅलोपेरिडॉलसारखं औषध जिवावर बेतू शकतं.

गोळी गिळत नाहीत म्हणून सरसकट कुटून शिऱ्यात घालण्याआधी पट्टीवरचं नाव वाचा. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल किंवा गोळीवर आतड्यात विरघळणारं आवरण असेल (पॅन्टोप्रॅझोल हे घरोघरचं उदाहरण), तर ती कुटायची नसते. त्याऐवजी पातळ औषध मिळतं का, ते विचारा.

आंघोळीची रोजची लढाई

इथे जबरदस्ती केली की पुढचे आठ दिवस बाथरूमचं दार दिसलं तरी माणूस बिथरतो. त्याच्या बाजूने बघा: गार फरशी, अंगावर कपडा नाही, डोक्यावरून अचानक पाणी, आणि कपडे उतरवणारी सून किंवा मुलगी. लाज गेलेली नसते, फक्त समोर कोण आहे ते उमगत नसतं.

बोलावण्याआधी सगळी तयारी करून ठेवा. दोन टॉवेल घ्या, कपडे घालायच्या क्रमाने रचून ठेवा (आतले सगळ्यात वर), पाणी बादलीत विसावून कोपराने तपासा आणि गिझरचा नळ बंद करा. पाटावर बसवू नका, उठताना तोल जातो. पाठ आणि हात असलेली प्लॅस्टिकची खुर्ची आणि खाली रबरी मॅट ठेवा. मॅट काळी नको, ती खड्ड्यासारखी दिसते आणि पाय पुढे पडत नाही. बाथरूमची आतली कडी काढून टाका.

“आंघोळ करायची का?” असं विचारलंत तर “नाही” हेच उत्तर येणार. “चला, पाय शेकून घेऊ” म्हणा. कोमट पाणी पायांवरून सुरू करून हळूहळू वर या. खांद्यावर कोरडा टॉवेल राहू द्या आणि त्याच्या आतून धुवा. अर्धा भरलेला तांब्या त्यांच्या हातात द्या. तांब्याने पाणी घेण्याची सवय हाताला असते, ती बरीच उशिरापर्यंत टिकते. केस त्याच दिवशी धुवायचा हट्ट नको. आठवड्यातून दोन-तीन आंघोळी पुरेशा आहेत. बाकीच्या दिवशी ओल्या कपड्याने तोंड, काखा आणि जांघा पुसा आणि घड्यांतली त्वचा नीट कोरडी करा. नाही म्हणाले तर वाद न घालता निघून जा आणि अर्ध्या तासाने दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.

परीक्षा घेणं आणि चुका दुरुस्त करणं

पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला: “ओळखलंत का मला?” हा प्रश्न घरात बंद करा. दारातच सांगून ठेवा की आत गेल्यावर आधी आपलं नाव आणि नातं सांगायचं: “काकू, मी मीना, तुमच्या धाकट्या जावेची मुलगी.” समोरून या, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, एका वेळी एकच वाक्य बोला आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. उत्तर तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. आपण मध्येच तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला की त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

“हे अजून आले कसे नाहीत?” असं आजी वारलेल्या नवऱ्याबद्दल विचारत असतील, तर दर वेळी “अहो, ते गेले ना बारा वर्षांपूर्वी” असं सांगणं म्हणजे दर वेळी नव्याने बातमी देणं. त्याऐवजी “त्यांची आठवण येतेय ना? त्यांना गोडाचं फार आवडायचं का हो?” असं म्हणून बोलणं त्यांच्याकडे न्या. मात्र त्या शांतपणे, सरळ “ते गेले का?” असं विचारत असतील तर खोटं बोलू नका. हो म्हणा आणि जवळ बसा. “मला घरी जायचंय” यावर “हेच घर आहे” हे उत्तर कधीच पटत नाही. भूक, लघवी, थंडी, एकटेपणा यांतलं काय आहे ते बघा आणि “निघू या, आधी चहा घेऊ” म्हणा.

चोरीचा आळ बहुधा रोज जवळ असणाऱ्यावर येतो, म्हणजे सुनेवर किंवा कामवाल्या मावशींवर. बाजू मांडू नका, “चला, शोधू या” म्हणा. नेहमीच्या लपवायच्या जागांची यादी करा: गादीखाली, उशीच्या अभ्र्यात, साड्यांच्या घडीत, तांदळाच्या डब्यात. खरं सोनं लॉकरमध्ये हलवा. हाताशी साधं पाकीट, त्यात दहा-वीसच्या नोटा आणि तसंच दुसरं पाकीट कपाटात.

पाळीपाळीने भावांकडे ठेवणं

‘तीन महिने तुझ्याकडे, तीन महिने माझ्याकडे’ ही वाटणी भावंडांना न्याय्य वाटते, पण रुग्णासाठी ती वाईट. त्याला शौचालय कुठे आहे हे आठवून सापडत नाही, पायाच्या सवयीने सापडतं. पुण्याच्या घरात डावीकडे वळणारा पाय नाशिकच्या घरातही रात्री दोन वाजता डावीकडेच वळतो आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लघवी होते. मग ‘किती बिघडले’ अशी चर्चा होते. शक्य असेल तर आई-वडील एका जागी राहोत आणि पाळ्या मुलांनी कराव्यात. हलवणं टळत नसेल तर तीच चादर, तीच उशी, तोच देवाचा फोटो सोबत न्या, पलंग त्याच बाजूला ठेवा, शौचालयाचा दिवा रात्रभर चालू ठेवा आणि पहिला आठवडा दर दोन तासांनी स्वतः घेऊन जा. दिवाळीची रंगरंगोटी आणि सामानाची हलवाहलव याच कारणासाठी त्यांच्या खोलीपुरती टाळा.

संध्याकाळ, देवघर आणि दार

ऊन उतरलं की अस्वस्थता वाढते. दिवे अंधार पडण्याआधी लावा आणि पडदे ओढा, कारण काळ्या काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब त्यांना परका माणूस वाटतं. आरशाचंही तेच, त्यावर कापड टाका. टीव्हीवरची भांडणं बंद. दुपारची झोप तीनच्या आत अर्ध्या तासात संपवा, चारनंतर चहा-कॉफी नको.

गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद करणं बऱ्याच घरांत होतं, पण निरांजनाकडे कुणी बघत नाही. नायलॉनची साडी आणि पेटती समई हा धोका ओळखा. बॅटरीवरचा दिवा लावा आणि वाती वळायचं काम त्यांच्याकडेच राहू द्या. ते, मटार सोलणं, रुमालांच्या घड्या घालणं हाताला जमतं. हातातून सगळंच काढून घेतलं की उरलेली कौशल्यंही लवकर जातात.

बाहेर निघून जाण्याची भीती असेल तर चालू महिन्यातला फोटो फोनमध्ये ठेवा आणि हातात नाव-नंबर कोरलेलं कडं घाला. वॉचमन, कोपऱ्यावरचा वाणी आणि रिक्षा स्टँडवाले यांना आधीच सांगून ठेवा. ब्लूटूथचा टॅग आसपास फोन असतील तरच ठिकाण दाखवतो. गावाकडे जीपीएसचं घड्याळ बरं, पण ते वेळेवर चार्ज करावं लागतं. सापडत नसतील तर १५ मिनिटं जवळपास बघा आणि ११२ ला फोन करा. चोवीस तास थांबायचा काही नियम नाही. जुनं घर, जुनी कचेरी आणि त्या बाजूचं स्टेशन आधी बघायला सांगा.

ताटातल्या चुका

पाणी पिताना ठसका, जेवणानंतर घरघर करणारा आवाज, वारंवार छातीत कफ ही अन्न श्वासनलिकेत जात असल्याची चिन्हं. अशा वेळी पातळ आमटीत भाताची शितं ही सगळ्यात अवघड जोडी असते, कारण पाणी पुढे पळतं आणि शीत मागे राहतं. एकसारखं घट्ट द्या: घोटलेली मुगाची खिचडी, घट्ट नाचणीची पेज. चिवडा, शेंगदाणे आणि सुके पोहे बंद. पूर्ण ताठ बसवून भरवा, हनुवटी थोडी खाली ठेवा, लहान चमचा वापरा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका.

कागदपत्रं ‘नंतर बघू’ म्हणणं

वडिलांनी दिलेलं मुखत्यारपत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की ते संपतं. मग पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावं लागतं. निदान झाल्यावर, समज आहे तोवरच बँक खातं ‘दोघांपैकी कुणीही’ पद्धतीचं करा, सगळीकडे नामनिर्देशन भरा आणि मृत्युपत्र करायचं असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना बँकेच्या रांगेत उभं करू नका. जीवन प्रमाण ॲपवर चेहऱ्याने होतं, किंवा पोस्टमन घरी येऊन करतो.

लांबच्या भावंडांचं ‘फोनवर तर छान बोलते’

दहा मिनिटं जुन्या शिष्टाचाराच्या जोरावर निभावून नेता येतात. डॉक्टरांसमोरही तेच होतं, आणि सांभाळणारी खोटी पडते. वाद घालण्यापेक्षा सात दिवस वहीत चार रकाने भरा: वेळ, त्याआधी काय झालं, काय केलं, कशाने थांबलं. त्या पानांचा फोटो भावंडांना पाठवा आणि डॉक्टरांना तपासणीच्या आधी द्या, रुग्णासमोर वाचून दाखवू नका. ब्यूरोकडून सांभाळायला येणारी बाई बदलली की तीच वही तिच्या हातात द्या, म्हणजे पहिले आठ दिवस वाया जात नाहीत. पैसे पाठवणाऱ्या भावाकडून वर्षातले सलग पंधरा दिवस मागून घ्या, तारखांसकट. कुणाशीच बोलता येत नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ आणि मानसिक आरोग्याची १४४१६ या दोन्ही हेल्पलाइन सांभाळणाऱ्यांसाठीही आहेत.