भाषेचा पेपर ‘निघून जाईल’ म्हणता? या चुका टाळा

मुंबईच्या उपनगरातल्या एका कॉलेजात मी भाषेचे पेपर शिकवते आणि तपासते. दर निकालानंतर स्टाफरूमच्या दाराशी मुलं उभी असतात. अकाउंट्स सुटलेलं असतं, स्टॅट्स सुटलेलं असतं आणि पत्र-अहवाल लिहायचा पेपर राहिलेला असतो. मुलं हुशार असतात, कष्टाळूही असतात. पण चुका वर्षानुवर्षं त्याच. त्या पुन्हा पुन्हा पाहून जीव मेटाकुटीला आला, म्हणून एकदा लिहून काढते आहे.

दोनच क्रेडिट आहेत, नंतर बघू

ही चूक सगळ्यात महाग पडते.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा दिला. त्यात भाषेची क्षमता तयार व्हावी म्हणून एबिलिटी एन्हान्समेंट कोर्स आले. कॉलेजात सगळे त्यांना एईसीच म्हणतात. त्यांचे एकूण ८ क्रेडिट, म्हणजे डिग्रीसाठी जमा करायचे श्रेयांक, त्यात इंग्रजी आणि एक आधुनिक भारतीय भाषा. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत ही रचना २०२४-२५ पासून सुरू झाली. सेमिस्टरला २२ क्रेडिट, तीन वर्षांचे १३२. एईसीचा पेपर दोन क्रेडिटचा, ५० मार्कांचा. त्यातले ३० लेखी परीक्षेचे आणि २० अंतर्गत. मुलं मनातल्या मनात गणित करतात की १३२ मधले दोन म्हणजे काहीच नाही. पण डिग्री १३२ पूर्ण झाल्यावर मिळते, १३० वर नाही.

जुन्या पॅटर्नमधली एक हकिगत सांगते. विरारहून येणारी मुलगी, बीकॉमची, अकाउंट्समध्ये वर्गात पहिल्या दोघीत. पहिल्या सेमिस्टरला तिला बिझनेस कम्युनिकेशनमध्ये केटी लागली, म्हणजे तो पेपर राहिला. त्या वेळी कोणालाच काही वाटलं नाही, तिलाही नाही. पुढच्या खेपेला एटीकेटीचा, म्हणजे राहिलेला विषय पुन्हा द्यायचा पेपर दुसऱ्या पेपराला चिकटून आला, म्हणून तिने तो सोडला. त्याच्या पुढच्या खेपेला फॉर्मची तारीख हुकली. असं करत करत तिसरं वर्ष संपलं. सहाव्या सेमिस्टरचा निकाल आला, मार्क उत्तम, आणि निकालाच्या जागी ‘आरएलई’. खालच्या परीक्षेचा निकाल बाकी असला की वरचा रोखून धरतात, त्याची ही खूण. ऐरोलीतल्या एका कंपनीत तिची नोकरी ठरली होती. रुजू व्हायला अंतिम मार्कशीट हवी होती. पुढची एटीकेटी होऊन निकाल लागेपर्यंत कंपनी थांबली नाही.

ती आईला घेऊन माझ्याकडे आली. मी म्हटलं, आधी जुना पेपर दाखव. पहिल्या प्रयत्नाच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स तिने तेव्हाच काढली होती, पण मार्कांची बेरीज तेवढी तपासून फाइलला लावून टाकली होती. आम्ही दोघींनी ती उत्तरं वाचली. प्रश्न होता: माल वाहतुकीत खराब झाला आहे, पुरवठादाराला तक्रारीचं पत्र लिहा. तिने दीड पान लिहिलं होतं, तक्रारपत्र म्हणजे काय, त्याची वैशिष्ट्यं, त्याचे फायदे. सगळं क्रमांक घालून, सुवाच्य अक्षरात. पत्र कुठेच नव्हतं. पुढच्या प्रश्नात नोकरीचा अर्ज लिहायचा होता, तिथेही अर्जाचे प्रकार लिहिलेले. गाइडमध्ये व्याख्या होत्या, त्या तिने मनापासून पाठ केल्या होत्या.

ही एकटीची चूक नाही. निम्म्या केट्या याच चुकीच्या असतात. माझी सवय अशी की प्रश्नपत्रिका हातात आली की प्रत्येक प्रश्नातल्या क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारायची. पत्र ‘लिहा’ म्हटलं असेल तर पत्रच हवं: पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, प्रति, विषय, मजकूर, सही. ‘स्वरूप स्पष्ट करा’ म्हटलं असेल तरच व्याख्या. ‘सारांश’ म्हणजे मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश आणि स्वतःच्या शब्दांत, उताऱ्यातली वाक्यं उचलून नाही. त्या मुलीकडून मी रोज एक पत्र लिहून घेतलं, पेनाने, घड्याळ लावून. पुढच्या परीक्षेला ती चांगल्या मार्कांनी सुटली. दुसरी नोकरीही लागली, पण मधले महिने घरात बसून काढले तिने, आणि त्या महिन्यांचा ताण मी तिच्या आईच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

आदल्या रात्रीचा ‘वन शॉट’ व्हिडिओ हा याच चुकीचा नवा अवतार. दीड तासात सगळा सिलॅबस! माहितीच्या विषयाला तो कदाचित पुरेल. लेखनाच्या पेपरात तुम्ही काय ऐकलं हे कोणी विचारत नाही. कोरं पान समोर येतं आणि त्यावर लिहायचं तुमच्या हाताला असतं. दोन क्रेडिट म्हणजे ३० तासांचं शिकवणं असा नियम आहे. त्या तासांना मागच्या बाकावर अकाउंट्सची जर्नल पुरी करणाऱ्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री चमत्काराची वाट पाहू नये.

अंतर्गत गुणांकडे दुर्लक्ष

वीस मार्क तुमच्या हातात असतात. असाइनमेंट वेळेवर द्या, तोंडी सादरीकरणाला हजर राहा. बस.

स्कोअरिंग म्हणून भाषा निवडणं

भारतीय भाषा निवडायची वेळ आली की कँटीनमध्ये चर्चा एकच: कुठल्या भाषेत मार्क जास्त पडतात? सीनियरने सांगितलं म्हणून घाटकोपरची गुजराती घरातली मुलगी हिंदी घेते आणि मराठी घरातला मुलगा संस्कृत घेतो. मग महिन्याभरात दोघं बदलून मागायला येतात. मी सांगते, ज्या भाषेत तुम्ही भांडू शकता ती घ्या. कॉलेज ती भाषा देत असेल तर दुसरा विचार करू नका.

याची उलट बाजूही आहे. ‘घरी मराठीच बोलतो, अभ्यास कशाला?’ हा समज मराठी घेणाऱ्या मुलांमध्ये सर्रास दिसतो. इंग्रजी माध्यमातून आलेल्या अनेकांनी दहावीनंतर मराठीत एक अख्खं पान लिहिलेलं नसतं. बोलणं घरचं असतं, लिहिण्याचा सराव शून्य.

दुसऱ्याच्या तोंडून बोललेलं पत्र

या चुकीने अलीकडे मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं आहे.

तिसऱ्या सेमिस्टरच्या वर्गाला मी असाइनमेंट दिली होती: आपल्या परिसरातल्या एका प्रश्नाबद्दल महानगरपालिकेला पत्र लिहा. भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीत राहणाऱ्या एका मुलाचं पत्र हातात आलं. टाइप केलेलं, देखणं, एकही खाडाखोड नाही. ‘प्रति, माननीय नगराध्यक्ष’ अशी सुरुवात. मुंबईला नगराध्यक्ष नसतो. भांडुप एस विभागात येतं आणि वॉर्डाचं पत्र जातं सहायक आयुक्तांकडे. पुढे मजकूर: ‘मी हे पत्र आपल्या समुदायाला प्रभावित करणाऱ्या एका गंभीर समस्येकडे आपले लक्ष वेधण्यासाठी लिहित आहे.’ असं मराठी भांडुपमध्ये कोणी बोलत नाही, नाशकात नाही आणि सांगलीतही नाही. इंग्रजी वाक्यावर मराठी शब्द चढवलेले होते. पत्रात गल्लीचं नाव नव्हतं, तारीख नव्हती, मागणी नव्हती.

मी त्याला बोलावलं आणि रागावले नाही. नुसतं विचारलं, ‘तुमच्याकडे खरा त्रास कशाचा आहे रे?’ तो सांगायला लागला. चाळीमागची संरक्षक भिंत, गेल्या पावसाळ्यात तिला पडलेली भेग, वरून येणारा चिखल, पाऊस जोरात लागला की रात्री लहान पोरांना घेऊन खालच्या मावशीकडे झोपायला जाणारी त्याची वहिनी, दोनदा येऊन फोटो काढून गेलेला माणूस. थांबतच नव्हता. मराठी इतकं नेटकं की ऐकत राहावं. मी म्हटलं, आता जे बोललास ते कागदावर उतरव. तो गोंधळला. ‘मॅडम, असं साधं चालतं?’

चालतं. तेच हवं असतं. त्याने पुन्हा लिहिलेलं पत्र एका पानाचं होतं. विषयाच्या ओळीत भिंत आणि चाळीचं नाव, पहिल्या परिच्छेदात भेग कधी पडली, दुसऱ्यात आजवर काय झालं, तिसऱ्यात मागणी: पावसाळ्यापूर्वी पाहणी करून दुरुस्ती. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या लाल पेनाने दाखवल्या. मार्क पहिल्या पत्रापेक्षा कितीतरी जास्त दिले, आणि ते पत्र त्याने खरोखर वॉर्ड ऑफिसात नेऊन दिलं.

मशीनकडून लिहून घेतलेला मजकूर तपासणाऱ्याला कळतो. त्यात ठिकाण नसतं, माणूस नसतो, आणि त्यातली वाक्यं मराठी कानाला परकी लागतात. पण पकडले जाल म्हणून मी हे सांगत नाही. या पेपरचा सगळा हेतूच हा आहे की उद्या बँकेला, सोसायटीला, साहेबांना चार ओळी लिहायची वेळ आली तर त्या तुमच्या तुम्हाला लिहिता याव्यात. तो सराव दुसऱ्याला करायला दिलात तर तुमच्या हातात काय उरणार? पुढे चौथ्या वर्षाला किंवा एमएला प्रबंध लिहिणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ४० टक्क्यांपर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत पुन्हा लिहून द्यावं लागतं, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पहिल्या वर्षी लागलेली उचलण्याची सवय त्या वेळी अचानक सुटत नाही.

माझी पद्धत साधी आहे. लिहिण्याआधी जे सांगायचं ते मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा. मग ऐकत ऐकत उतरवा. मग मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथलं वाक्य मोडून दोन करा. इंग्रजीच्या पेपरालाही हीच पद्धत चालते. तिथे मुलं जड शब्दांच्या मागे लागून वाक्याचा कर्ताच हरवून बसतात.

शुद्धलेखन ‘येत नाही’ म्हणून सोडून देणं

मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली १४ नियम केले, १९७२ साली त्यात ४ वाढले. अठरा नियमांसाठी एक शनिवार-रविवार पुरतो. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, शक्ती, गुरू. समासात मुळात ह्रस्वान्त असलेला तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, शब्द आधी आला की ह्रस्व: कविसंमेलन, शक्तिपीठ, गुरुदक्षिणा. मूल, पण मुलाला. बहीण, पण बहिणीला. मुंबईत हिंदी आणि मराठी एकाच लिपीत दिवसभर डोळ्यांपुढे असतात, त्यामुळे हिंदीतलं ‘कवि’ आणि ‘शक्ति’ नकळत मराठी पेपरात उतरतं. ‘परिक्षा’ आणि ‘विद्यापिठ’ हे दोन शब्द तर मला प्रत्येक गठ्ठ्यात भेटतात. परीक्षा आणि विद्यापीठ. वहीच्या मागच्या पानावर स्वतः चुकणाऱ्या शब्दांची यादी करा. दुसऱ्याची यादी उपयोगाची नाही.

आणि घरची आगरी, मालवणी किंवा खानदेशी बोलीची लाज बाळगू नका. औपचारिक पत्रात प्रमाण मराठी मागतात, एवढाच तिथला करार. ज्यांची बोली ठसठशीत असते त्यांचं लेखन जिवंत असतं, हे मी गठ्ठेच्या गठ्ठे तपासून सांगते.

वाचायला काय घेऊ असं विचाराल तर वर्तमानपत्रातला वाचकांच्या पत्रांचा कॉलम रोज वाचा. एक मुद्दा, थोडकी जागा, नेमकी मागणी. याहून चांगला नमुना नाही. पुस्तकं हवी असतील तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं.

किरकोळ वाटणाऱ्या, पण नडणाऱ्या गोष्टी

स्टेशनबाहेरच्या दुकानातून जुन्या फॉन्टमध्ये मराठी टाइप करून घेऊ नका. तिथल्या कॉम्प्युटरवर छान दिसतं, कॉलेजात फाइल उघडली की नुसती चिन्हं. युनिकोडमध्ये स्वतः टाइप करा, पीडीएफ करा, दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा, मग पाठवा.

शेवटच्या प्रश्नाला वेळ उरला नाही, ही तक्रार खरी असते, कारण वर्षभर टाइप करणारा हात परीक्षेत दुखतो. आठवड्यातून एकदा तरी पूर्ण पेपर हाताने लिहा.

क्रेडिट ज्या ऑनलाइन खात्यात जमा होतात, त्या एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडीवरचं नाव आणि कॉलेजातलं नाव अक्षरशः सारखं आहे का, हे पहिल्याच महिन्यात पाहा. आडनावातलं एक अक्षर इकडेतिकडे झालं तरी नंतर खेटे घालावे लागतात.

निकालानंतर झेरॉक्स आणि फेरतपासणीच्या अर्जाची मुदत थोडकी असते. ती तारीख आणि एटीकेटीच्या फॉर्मची तारीख व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारत बसू नका, परीक्षा विभागाच्या खिडकीवर जाऊन विचारा. फॉर्म भरल्यावर फीची पावती हॉल तिकीट हातात येईपर्यंत जवळ ठेवा.